रडणाऱ्या मुलाचा व्हिडिओ आणि शाळेचे पहिले पंधरा दिवस

आज राज्यातील बहुतेक शाळा सुरू झाल्या आणि सकाळी नऊच्या आतच आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक व्हिडिओ येऊन पडला. बालवाडीच्या फाटकाशी तीन-साडेतीन वर्षांचा एक मुलगा आईची ओढणी घट्ट धरून रडतो आहे, शाळेतल्या मावशी त्याची बोटे एकेक करून सोडवत आहेत आणि चित्रीकरण करणारे गृहस्थ मागे खो-खो हसत आहेत. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती आणि ‘दोन दिवसांत लाइनीवर येईल’ असे एका आजोबांनी लिहिले होते. माझ्या मित्रयादीतील मंडळी असल्या व्हिडिओला हसणारी नाहीत, हे मी गृहीत धरते. म्हणूनच हा राग तिथे न काढता इथे मांडते आहे.

मे महिनाभर आपणच मुलांना मध्यरात्रीपर्यंत जागवतो. लग्ने, गावची यात्रा, आयपीएलचे सामने, मावसभावंडांचा धुडगूस, आणि मग जूनच्या मध्याला एका सकाळी तेच मूल सहा वाजता उठून, दात घासून, गणवेश घालून, पोटभर खाऊन हसत बसमध्ये चढले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. त्यात हल्ली प्रवेशोत्सवाच्या नावाखाली दारातच ढोल-ताशे, फुगे, औक्षण, सेल्फीची कमान आणि पाहुण्यांची भाषणे. ज्या मुलाने घराबाहेर दोन तास एकट्याने कधी काढलेले नाहीत, त्याच्या कानाशी ढोल वाजवून त्याचे स्वागत होते, असे ज्यांना वाटते त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

मी पहिलीत गेले ती सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत. ताई त्याच शाळेत तिसरीला होती. पहिल्या दिवशी मी इतका आकांत केला की गुरुजींनी मला उचलून सरळ ताईच्या शेजारी नेऊन बसवले. हजेरी पहिलीच्या पटावर लागे आणि मी मात्र पाटी घेऊन तिसरीच्या रांगेत बसे. गुरुजी रोज येता-जाता एवढेच विचारत, ‘काय बाई, आज इकडे की तिकडे?’ मी मान हलवून इकडेच म्हणे आणि ते पुढे जात. असे बरेच दिवस चालले. शेवटी पहिलीच्या मुली शेजारच्या वर्गात चिंचोके खेळत असलेल्या मला दिसल्या आणि मी आपण होऊन उठून गेले. त्यात कोणाचेही काही बिघडले नाही.

आता कोणीतरी म्हणेल की, चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची ताई कुठून आणायची. बरोबर आहे, आणता येणार नाही. आई फाटकाशी जितकी रेंगाळते तितके मुलाला जड जाते आणि ती दिसेनाशी झाल्यावर बरीच मुले थोड्या वेळात शांत होतात, हेही मला मान्य आहे. परंतु थोडक्यात निरोप घेणे वेगळे आणि ‘गाडीतून पिशवी घेऊन येते’ असे खोटे सांगून पसार होणे वेगळे. असे फसवले गेलेले मूल दुसऱ्या दिवशी घराच्या दारातच ओढणी धरते. ‘तुझा डबा खाऊन झाला, गोष्ट झाली की मी इथेच येईन’ असे सांगावे आणि बरोबर त्याच वेळी तिथे उभे राहावे. लहान मुलाला घड्याळ कळत नाही, पण कशानंतर काय येते, ते पक्के कळते.

लहान मुलांचे रडे आईसाठीच असते, असेही नाही. शाळेतल्या संडासाची कडी आतून लागते का, तिथे अंधार असतो का, मावशींना कसे सांगायचे, या भीतीने कितीतरी मुले दिवसभर लघवी धरून ठेवतात आणि म्हणून पाणीच पीत नाहीत. आपण मात्र भरलेली बाटली परत आली म्हणून त्यांच्यावर ओरडतो. डब्याचे झाकण स्वतःला उघडत नाही म्हणून उपाशी राहणारी मुले असतात. चड्डीचे बटण, बुटाची नाडी, बाईंचे नाव, या गोष्टी सुट्टीतच घरी करून घेता येतात आणि त्यांना पैसा लागत नाही. नवे दप्तर आणि कार्टूनची बाटली आणायला मात्र आपण दोन दुकाने पालथी घालतो.

झोपेचा तर आपण खेळखंडोबाच केला आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितले, तेव्हा दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांपासून बसवाल्यांपर्यंत अनेकांनी अडचणी मांडल्या. त्यांच्या अडचणी खऱ्या असतील. परंतु साडेपाचला उठवलेले मूल बसमध्येच पेंगत असेल, तर सातच्या तासाला बाई कोणाला शिकवणार, हे मला कोणी समजावून सांगावे.

आणि मोठ्यांचे काय? चौथीपर्यंतच्या शाळेतून पाचवीला हायस्कुलात गेलेले मूल कालपर्यंत शाळेतले सर्वांत थोरले होते, आज ते सर्वांत धाकटे आहे. एका बाईंऐवजी तासातासाला नवे शिक्षक येतात. ते रडत नाही, म्हणून त्याचा व्हिडिओ निघत नाही. ते फक्त रात्री पोट दुखते म्हणते आणि आपण त्याला ओवा देतो. दहावीच्या मुलांना तर सुट्टीच मिळत नाही, कारण क्लासची व्हेकेशन बॅच एप्रिलमध्येच सुरू झालेली असते. या वयात झोप मुळातच उशिरा येते, तो शरीरधर्म आहे, आळस नव्हे. तरी सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि वर जो भेटेल तो विचारतो, ‘मग, यंदा दहावी ना?’ या प्रश्नाला दंड ठेवला पाहिजे. अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्यांमध्ये अडकलेली मुले तर आपली शाळा कोणती, हेच ठाऊक नसताना घरी बसून राहतात. गुरुजींचा तो ‘आज इकडे की तिकडे’ हा प्रश्न या वयाच्या मुलांना कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

असो, फार चिडून लिहिते आहे. मघाशी ताईच्या मुलीचा नागपूरहून फोन आला होता. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा सुरू होतात, त्यामुळे तिच्याकडे अजून थोडे दिवस आहेत, आणि तिच्या घरात बालवाडी, पाचवी आणि दहावी अशी तिन्ही प्रकरणे आहेत. तिला म्हटले, आजपासून रोज पंधरा मिनिटे आधी सगळ्यांना झोपव आणि तूही मोबाइल ठेवून झोप. धाकटीला रविवारी शाळेपर्यंत चालत नेऊन आण. मधल्याला नव्या शाळेत जाणारा गल्लीतला एखादा सोबती शोधून दे, पहिले काही दिवस ते दोघे बरोबर जाऊ देत. आणि थोरल्याला पहिला आठवडा अभ्यासाबद्दल एक अक्षर विचारू नकोस. ती म्हणाली, ‘मावशी, बाकीचे सगळे जमेल गं, पण हे शेवटचे त्याच्या बाबांना तूच सांग.’ रात्री जावईबापूंना फोन करणार आहे.