मामा, खाली समुद्र नाही

आमच्या मामांनी परवा रात्री अकराला घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘दिल्लीवाले पाण्यासाठी राष्ट्रीय धोरण आणताहेत. विहिरीला मीटर, बोअरला कर. पाणी राज्याचं, केंद्राचा काय संबंध? जमिनीखाली समुद्र आहे, खोल गेलं की लागतंच. नद्यांचं पाणी समुद्रात वाया जातंय ते आधी अडवा. सर्व शेतकऱ्यांपर्यंत पोचवा.’ एवढ्यावर भागलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शेतात साडेसहाशे फूट बोअर मारायचं मामांनी याच भरवशावर ठरवलंय.

तर आधी तो समुद्र. आपल्याकडे खाली कठीण पाषाण आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि झिजलेल्या, भेगाळलेल्या दगडात, तेही पावसाचंच. खोल जावं तशा भेगा कमी होत जातात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या बांधावर पाणाड्याच्या, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्याच्या, तळहातावर नारळ उभा राहिलेला मामांनी स्वतः बघितला. बोअरची गाडी रात्रभर घरघरत होती. दीडशे फुटांवर थोडं पाणी लागलं, पुढे सहाशेपर्यंत नुसती धूळ. सकाळी आमच्या आंब्याची पानंसुद्धा राखाडी झाली होती. दीडशेवरचं ते पाणी शेजाऱ्यांनी ओढलं, आणि त्या सालापासून मामांची चाळीस फुटी विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. शेजाऱ्यांना शिव्या मामाच घालतात. आता स्वतः तेच करणार!

आणि कायद्याने शेजाऱ्यांचं काही चुकत नाही. 1882 चा सुविधाधिकार कायदा इंग्रजांनी केला, त्यात आपल्या जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाला आहे. दोघांच्या जमिनीखालचं पाणी एकच, हे त्या कायद्याच्या गावीही नाही. 2012 च्या राष्ट्रीय जलधोरणात हेच दुखणं मांडलंय: भूजल सगळ्यांचं, पण वापरलं जातं खाजगी मालमत्तेसारखं, म्हणून तो कायदा बदलावा लागेल. मामांच्या विहिरीची बाजू घेणारा कागद कुठला असेल तर हाच.

मीटरचं म्हणाल तर, नाइलाजाने कबूल करतो, अगदीच हवेतलं नाही. पाणीपट्टी शक्यतो मोजून घ्यावी, उपसा आवरायला विजेवर नियंत्रण ठेवावं, असं त्याच धोरणात लिहिलंय. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. 1987, 2002, 2012 अशी तीन धोरणं आली, आपल्या शिवारात एक मीटर बसला का? केंद्राच्या 24 सप्टेंबर 2020 च्या भूजल नियमावलीत तर शेतीला परवानगीतूनच सूट आहे. खरा कायदा आहे तो कर्नाटकाचा, 2011 चा भूजल कायदा, म्हणजे बेंगळूरूचा. मामा घाबरतात दिल्लीला.

‘केंद्राचा काय संबंध’ हे सीमाभागातल्या माणसाने विचारावं म्हणजे कमाल आहे. हिरण्यकेशी नदी महाराष्ट्रात आंबोलीजवळ उगम पावते, आजरा, गडहिंग्लज करत कर्नाटकात संकेश्वरला येते. 2023 च्या उन्हाळ्यात कृष्णा आटली तेव्हा कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांना वारणा-कोयनेतून 2 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला पत्र लिहावं लागलं. 2019 च्या महापुरात उलटा वाद, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पाणी तुंबलं का नाही यावर. नदीच्या भांडणासाठी नेमलेला लवाद राज्यांना पाणी वाटून देतो, पण नदी आटू नये, नासू नये ही जबाबदारी कुणाची? घटनेत पाणी राज्यसूचीत आहे खरं, 17 क्रमांकाला. पण त्याच ओळीत केंद्रसूचीच्या 56 व्या नोंदीला अधीन असं लिहिलंय, आणि ती नोंद आंतरराज्य नद्यांची आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने अर्धीच ओळ वाचलेली दिसते.

समुद्रात ‘वाया’ जाणाऱ्या पाण्याबद्दल गोव्यातल्या मांडवीच्या खाडीतल्या मासेमाराला विचारा. वरून गोडं पाणी आलं नाही की खार किती आत शिरतो ते तो सांगेल.

काल फोनवर मामांना हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये मध्ये ‘होय की रे’ म्हणाले. शेवटी विचारलं, ‘मग पाणाड्याला सोमवारी बोलवू का मंगळवारी?’