सगळ्या गोळ्या रात्री? कोणी सांगितलं?

गेल्या आठवड्यात पहाटे सव्वातीनला आतोबांचा फोन. आत्याला दरदरून घाम सुटलेला, हात थरथरतायत, बोलणं धड नाही. सुदैवानं घरात ग्लुकोमीटर होता. साखर ५८, म्हणजे फारच उतरलेली. साखरपाणी पाजल्यावर अर्ध्या तासात ती माणसात आली.

कारण सकाळी कळलं. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: ‘रोजची सर्व औषधे रात्री झोपताना कोमट दुधासोबत एकदम घ्या. सकाळची गोळी लघवीवाटे वाहून जाते. रात्री घेतल्यास हार्ट अटॅकचा धोका ४५ टक्के कमी. जनहितार्थ पुढे पाठवा.’ खाली जोडलेले हात आणि कुठल्याशा हृदयरोगतज्ज्ञाचं नाव. आत्यानं इमानेइतबारे सकाळच्या सगळ्या गोळ्या रात्री साडेदहाला ढकलल्या. त्यात मधुमेहाची ग्लिमेपिराइडही होती.

आधी त्याबद्दलच बोलतो, कारण जीव तिथं जातो. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे ती विचारत बसत नाही. म्हणून ती नाश्त्याबरोबर किंवा दिवसातल्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. आत्या सातला जेवते, तेही भाकरीचा चतकोर आणि आमटी. त्यावर साडेदहाला ही गोळी, आणि मग सकाळपर्यंत पोटात काही नाही. दिवसा साखर उतरली तर चक्कर येते, माणूस काहीतरी तोंडात टाकतो. झोपेत कोण टाकणार? आतोबांना जाग आली नसती तर पुढचं मला लिहायचंही नाही. ‘सर्व औषधे’ लिहिणाऱ्यानं हा एक शब्द कमी लिहिला असता तरी चाललं असतं.

आता ते ४५ टक्के. आकडा हवेतला नाही, हे नाइलाजानं मान्य करतो. २०१९ मध्ये स्पेनमधल्या ‘हायजिया’ नावाच्या अभ्यासातून तो आला. पण तो फक्त रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल होता, आणि त्याच्या पद्धतीवर जाणकारांनी तेव्हाच शंका घेतल्या. मग ब्रिटनमध्ये ‘टाइम’ नावाची चाचणी झाली. २१,१०४ रुग्ण, निम्म्यांना गोळ्या सकाळी, निम्म्यांना संध्याकाळी, पाच वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू, सकाळच्या गटात ३.७ टक्के, संध्याकाळच्या गटात ३.४ टक्के. हा फरक ग्राह्य धरण्याइतकाही नाही. मेसेज मात्र अजून २०१९ मध्येच अडकलाय.

हार्ट अटॅक सकाळच्या वेळी जास्त येतात, पहाटेनंतर रक्तदाब चढतो, हे खरं आहे. पण म्हणून सकाळची गोळी ‘वाहून जाते’? आत्याच्या अम्लोडिपिनचं, म्हणजे तिच्या रक्तदाबाच्या गोळीचं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. आज सकाळी घेतलेली गोळी उद्या पहाटे शरीरात कामावर हजर असते.

कोमट दुधाचं तर काय सांगावं! थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. दुधातलं कॅल्शियम ती रक्तात नीट उतरूच देत नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांपासूनही ती चार तास लांब ठेवतात. रात्री घेता येते, पण जेवणानंतर तीनेक तासांनी, आणि तेव्हाही दूध नाहीच.

बाकीचं भराभर. लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’ रात्री घेतली की रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या; म्हाताऱ्या माणसानं अंधारात पडून खुबा मोडायचा का? ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल जेवणाआधी अर्धा तास. स्टेरॉइड सकाळी खाऊन, नाहीतर झोप गेलीच. हाडांची आठवड्याची अलेंड्रोनेट घेऊन तर अर्धा तास आडवंही व्हायचं नसतं, अन्ननलिका जळते. ती म्हणे झोपताना घ्या! कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी सिमव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायची, इतकं एक मेसेजवाल्यांचं बरोबर. पण बहुतेकांना मिळते ती अटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन, ती कधीही चालते.

परवा आत्याला तिच्या डॉक्टरांकडे नेलं. साखरेची गोळी परत नाश्त्याबरोबर, थायरॉइडची पहाटे उठल्या उठल्या. प्रेशरची मात्र त्यांनी रात्रीच राहू दिली. सकाळी पूजा आणि दूधवाल्याच्या गडबडीत आत्या ती हमखास विसरायची. रात्री मालिका संपली की आता तिला बरोबर आठवते.