अत्रे म्हणजे नुसते किस्से नव्हेत

घरच्या ग्रुपवर परवा मावसभावानं आणखी एक 'अत्र्यांचा किस्सा' टाकला. बहुधा कुणीतरी नंतर त्यांच्या तोंडी घातलेला. खाली त्यानंच लिहिलं, 'शिव्या हासडायचे नुसते, त्यात साहित्य कसलं?' दोन दिवस लंडनच्या ज्युबिली लाइन मेट्रोत मी त्या एका वाक्याशी भांडतोय. आम्ही दोघं सासवडचे. अत्र्यांच्याच कऱ्हेकाठच्या पोरानं हे लिहावं?

अत्रे इथे लंडनमध्येच शिकले. लंडन विद्यापीठाची टी. डी., म्हणजे शिक्षकाची पदविका, घेऊन १९२८ साली परतले आणि पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेत मुख्याध्यापकी केली. विनोद त्याआधीचा. 'झेंडूची फुले' हा विडंबनांचा संग्रह १९२५चा. रविकिरण मंडळ या त्या काळच्या कवींच्या गटाची वृत्तं, यमकं, त्या कवींचे लाडके शब्द कानात मुरल्याशिवाय तशी विडंबनं उतरतच नाहीत. ज्याची टिंगल करायची ती कविता आधी तोंडपाठ लागते. यात शिवी कुठे आली? पुढे १९४०मध्ये 'नवयुग' साप्ताहिक, १९५६मध्ये 'मराठा' दैनिक. संपादक म्हणून त्यांची जीभ सुटायची, माणसं दुखावली जायची, ते मला मान्य आहे. पण संयुक्त महाराष्ट्रासाठी त्याच लेखणीनं माणसं पेटवली.

हॅरोच्या चॅरिटी शॉपमध्ये मला 'पंच' या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाचा बांधीव खंड मिळाला, तीन पौंडांना. कडा तपकिरी झालेल्या, एका व्यंगचित्राशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं बारीक बरोबरची खूण केलेली. 'इथली माणसं आपला विनोद असा जपतात, आपण फॉरवर्ड करतो,' मी तावातावानं टाइप केलं. १८४१पासून चालत आलेलं 'पंच' १९९२मध्ये वाचकांअभावी बंद पडलं, हे लिहिलं नाही.

उत्तर लगेच आलं. 'दादा, तू शेवटचं अत्रे कधी वाचलंस?'

त्या रात्री वडिलांची 'झेंडूची फुले' काढली. लेकीला एक विडंबन वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाबा, मूळ कविता कशी आहे?" मला दोन ओळींपुढे आठवेना. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. शनिवारच्या मराठी शाळेत तिला घालायचं मी सहा वर्षं पुढे ढकलत आलो, आणि सासवडच्या पोरांना अत्रे कळत नाहीत म्हणून चिडतोय.

मावसभावाला अजून उत्तर दिलेलं नाही. मूळ कविता त्याच्याकडेच मागायची आहे. त्याच्या घरी आजोबांची जुनी पुस्तकं अजून आहेत.