काचबिंदूची तपासणी कार्डात कुठे बसते?

‘७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान कार्ड मिळाल्याने ज्येष्ठांच्या डोळ्यांची चिंता मिटली’ हे एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांचं संरक्षण दिलं, हे मोठंच काम आहे. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. काचबिंदू म्हणजे डोळ्याची मागची नस, बहुधा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबामुळे, हळूहळू खराब होणं. तो ओळखायला डोळ्यांचा दाब मोजणं, थेंब घालून बाहुली मोठी करून मागची नस बघणं, हे सगळं ओपीडीत होतं आणि ओपीडीचा खर्च योजनेत नाही.

मोतीबिंदू उशिरा कळला तरी बहुतेकांना ऑपरेशननंतर पुन्हा दिसू लागतं. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि सुरुवातीला बहुधा दुखत-खुपतही नाही. माझे वडील ७३ वर्षांचे. गावातल्या शिबिरातून ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणून दोनदा परत पाठवलं; दाब कुणी मोजलाच नाही. पुढे अंगणात वाटेच्या कडेला ठेवलेल्या बादलीला सारखे अडखळायला लागले, तेव्हा तालुक्याला नेलं. तोवर दोन्ही डोळ्यांची कडेची नजर बरीच गेली होती. थेंब आता आयुष्यभर, तेही खिशातून. वर्षातून एकदा दाब आणि नस तपासणं या कार्डावर सुरू करा.