मशीन लाइन सोडतंय की पट्टी वाकतेय?

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही एक तारा दिलाय आणि लिहिलंय की आमच्याकडून घेतलेलं सर्क्युलर सॉ (हातात धरून चालवायचं गोल ब्लेडचं करवतीचं मशीन) सरळ कापत नाही, लॅमिनेटच्या कपच्या उडवतं आणि आम्ही 'डिफेक्टिव्ह पीस गळ्यात मारला', तेव्हा बदलून द्या. फोटो टाकलेत ते बरं झालं, बरंचसं उत्तर त्यांतच आहे.

पहिला फोटो बघा. आठ फुटी प्लायवर काप सुरुवातीला लाइनवर आहे, शेवटीही लाइनवर आहे, मधे मात्र पोट आलंय. ब्लेड बेसला, म्हणजे मशीनच्या खालच्या सपाट प्लेटला, तिरकं बसलं असतं तर असं झालं नसतं. तिरकं ब्लेड मशीनला सतत एका बाजूला ओढतं, काप रुंद होतो, कड करपते, पुढे ढकलायला जोर लागतो. तुमच्या कडांवर काळा डाग कुठेच नाही. शिवाय काप सरकलाय तो क्लॅम्पचे वळ उठलेत त्याच बाजूला, म्हणजे मशीन जिला टेकवून चालवलं त्या पट्टीकडे. मागे भिंतीला टेकवलेली पातळ बॅटन (लाकडी पट्टी) दिसते, तीच वापरली असणार. दोन टोकांना क्लॅम्प लावून मधे मशीन दाबत नेलं की अशी बॅटन चार-पाच मिमी सहज वाकते. मशीन तिच्यामागून गेलं, एवढंच.

हातात धरायच्या सॉला सरळ रेषा कळत नाही, ती पट्टीने द्यावी लागते. १८ मिमी प्लायची निदान १५० मिमी रुंद पट्टी घ्या आणि फॅक्टरीतून कापून आलेली कड मशीनच्या बाजूला ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप असेल तर आणखी चांगलं. बेस पट्टीला नुसता टेकलेला हवा, रेटायचा नाही. सोबत मिळालेली छोटी साइड गाइड अरुंद पट्ट्या काढायला ठीक आहे, पण ती बोर्डाच्या कडेची नक्कल करते. कड वाकडी तर कापही वाकडा.

पट्टी लाइनपासून किती लांब लावायची यात बरेच जण फसतात. बेसच्या कडेपासून ब्लेडच्या पत्र्यापर्यंत मोजतात, पण दात पत्र्याच्या दोन्ही बाजूंना थोडे बाहेर असतात. मोजायचं ते दाताच्या टोकापर्यंत. ब्लेडच्या डाव्या-उजव्या बाजूचं माप सारखं नसतं, हेही ध्यानात ठेवा. रोज काम असेल तर मोजामोजीच टाळा. ६ मिमी प्लायचा लांब, मुद्दाम जास्त रुंद तुकडा घ्या, त्यावर सरळ पट्टी पक्की करा आणि मशीन पट्टीला लावून एकदा पूर्ण चालवा. जास्तीचा भाग कापला जाईल आणि जी कड उरेल, तिथूनच ब्लेड जातं. पुढे ती कड लाइनवर ठेवायची, क्लॅम्प करायचं आणि कापायचं. वेगळ्या जाडीचं ब्लेड चढवलंत तर मात्र तो जिग (पट्टी बसवलेला हा तुकडा) पुन्हा बनवावा लागेल.

आता कपच्या. या मशीनमध्ये दात पुढच्या बाजूने खालून वर येतात. त्यामुळे खालची बाजू साफ निघते आणि फाटते ती वरची. तुम्ही लॅमिनेट वर ठेवलं होतं, ते खाली ठेवा. मशीनवर आलेलं ब्लेड २४ दातांचं आहे, बॉक्सवर तसं छापलंय. ते लाकूड झटपट चिरायला असतं. प्लायला ४० दातांचं घ्या, लॅमिनेटला ६० दातांचं.

तरी मशीनवर शंका असेल तर घरीच तपासा. प्लग काढा, ब्लेड पूर्ण खाली घ्या, गार्ड (ब्लेडवरचं सरकतं झाकण) लिव्हरने वर धरा. एका दातावर खूण करा. तो दात पुढे असताना बेसच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणा आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा, नाहीतर पत्र्यातला किरकोळ बाक मापात येतो. फरक अर्ध्या मिमीपेक्षा जास्त आला तर मशीन घेऊन या. तुमच्यासमोर मोजू आणि सेट झालं नाही तर दुसरं देऊ. फोटोंवरून मात्र बदलून देता येणार नाही.

दुसऱ्या फोटोबद्दल जरा स्पष्ट बोलतो. त्यात खालचा गार्ड तारेने वर बांधलाय. ती तार आजच काढा. बोर्डही दोन स्टुलांवर आहे आणि मधे आधार नाही. काप संपत आला की बोर्ड मधे बसतो, फट मिटते, ब्लेड आवळलं जातं आणि मशीन तुमच्याकडे उसळतं. त्या वेळी गार्ड बांधलेला असेल तर फिरतं ब्लेड उघडंच अंगावर येईल. बोर्डाखाली चार बॅटन आडव्या टाका, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि दात खाली काही मिमीच बाहेर राहतील एवढीच खोली ठेवा. मधेच लाइन सुटली तर मशीन पिळून परत आणू नका. बटण सोडा, ब्लेड थांबू द्या, थोडं मागे घ्या, पूर्ण वेग आल्यावर पुन्हा पुढे न्या.

दुकानात आलात तर वापरलेली ती बॅटनही सोबत आणा, दोन्ही एकदमच तपासू.