एक्स-मेन पुन्हा येतायत, जीन ग्रेला जरा जगू द्या

मार्व्हल स्टुडिओज एक्स-मेनचा, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या ‘म्यूटंट’ सुपरहिरोंच्या टीमचा, नवा सिनेमा करतंय, नट सगळे नवे. बातमी वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. रीबूट म्हटलं की सिनेमावाले पाटी पुसतात आणि तीच बाराखडी पुन्हा गिरवायला बसतात.

एक्स-मेन पहिल्यापासून तुफान चालायचे असा अनेकांचा समज आहे. तसं काही नव्हतं. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सुरू केलेलं हे कॉमिक १९७० पर्यंत इतकं गळाठलं, की पुढची पाच वर्षं त्यात जुन्याच गोष्टी पुन्हा छापत होते! मग १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी एकच जाडजूड अंक काढला. जुनी टीम क्राकोआ नावाच्या बेटावर अडकते, एकटा सायक्लॉप्स (टीमचा म्होरक्या स्कॉट) निसटतो, आणि तिला सोडवायला टीमचा गुरू प्रोफेसर झेवियर देशोदेशीची माणसं गोळा करतो. केनियातून स्टॉर्म, जर्मनीतून नाइटक्रॉलर, सोव्हिएत शेतावरून कोलोसस, कॅनडाचा वुल्व्हरिन. जुनं काही खोटं ठरवलं नाही, कुणाला पुसून टाकलं नाही. फक्त घरात नवी माणसं आणली. आधीची पाचही पोरं गोरी अमेरिकन होती. जग ज्यांचा दुस्वास करतं त्यांची ही गोष्ट मला तरी इथून पुढेच पटते.

आणि गंमत बघा, म्यूटंट्सना गिळणारं तेच बेट २०१९ मध्ये लेखक जोनाथन हिकमनने त्यांचा देश करून टाकलं. (तिथे मेलेला प्रत्येक जण परत यायचा, ते मला फार रुचलं नाही. मरणाची भीतीच गेली की लढाईत राहतं काय?) पण अडगळीतली वस्तू काढून तिचं घर करायचं, याला मी रीबूट म्हणतो.

आता पडद्याकडे या. कॉमिकमध्ये जीन ग्रे, त्या पहिल्या पाचांतली एकुलती मुलगी, १९७६ मध्ये अफाट वैश्विक शक्ती मिळून फीनिक्स होते आणि १९८० मध्ये मरते. मधली चार वर्षं लेखक ख्रिस क्लेरमाँट तिला आपल्या ओळखीची करत राहतो. मूळ शेवटात ती शक्ती गमावून जगणार होती. पण तिने वस्ती असलेला अख्खा ग्रह जाळलाय, शिक्षा हवीच, असं संपादक जिम शूटर अडून बसला आणि शेवट बदलला. सिनेमात हेच कथानक २००६ ला उरकलं, मग २०१९ ला पुन्हा उरकलं. दोन्हींच्या पटकथेत सायमन किनबर्ग! दुसऱ्या वेळची जीन तर त्याआधी जेमतेम एका सिनेमात दिसली होती. अनोळखी बाईच्या तेराव्याला बसल्यासारखं वाटलं मला.

त्यामुळे नव्या मंडळींकडे माझं मागणं फार नाही. पहिले तीन सिनेमे जीनला जगू द्या. तिला स्टॉर्मशी गप्पा मारू द्या, स्कॉटशी भांडू द्या. फीनिक्सचं नावसुद्धा काढू नका.