रबराचा मासा आणि संकष्टी

सगळं सुरू झालं मसाल्याच्या डब्यापासून. म्हणजे बायकोच्या मते. पारदर्शक प्लॅस्टिकचा, आत सात वाट्या, लग्नात कुणीतरी दिलेला आणि तेव्हापासून वरच्या फळीवर धूळ खात पडलेला तो डबा मी एका रविवारी खाली काढला आणि त्यात माझे मासे भरले. मासे म्हणजे खरे नाहीत हो, सॉफ्ट प्लॅस्टिक. गळाला लावायचे ते मऊ लिबलिबीत नकली मासे, गांडुळं, कोळंब्या. हळदीच्या वाटीत पोपटी, तिखटाच्या वाटीत लाल शेपटीचे, मोहरीच्या वाटीत काळे. एका पाकिटावर रंगाचं नाव 'मोटर ऑइल' होतं, दुसऱ्यावर 'वॉटरमेलन'. आता इंदापूरकडं कलिंगडं पिकतात हे खरं, पण ती काही उजनीत पोहत नाहीत, मग तिथल्या माशाला कलिंगडाच्या रंगाचं गांडूळ बघून नक्की काय वाटावं अशी अपेक्षा आहे ते पाकिटावर लिहिलेलं नव्हतं. किंमत मात्र लिहिलेली होती. ती मी बायको बघायच्या आत नखानं खरवडून काढली.

वासाचं काही करता आलं नाही. ह्या रबरांना वास मारलेला असतो, बडीशेपेचा, कोळंबीचा आणि सगळ्यात जास्त लसणीचा, म्हणजे माशानं तोंडात घेतलं की लगेच थुंकू नये म्हणून. काहींच्यात तर मीठसुद्धा घालतात. लसूण घातली, मीठ घातलं, मसाल्याच्या डब्यात ठेवलं, फक्त फोडणी द्यायची राहिली, असं बायको म्हणाली आणि त्या दिवसापासून आमच्या गाडीत बसणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, काय हो, चिवडा आणलाय का?

ह्या उद्योगाचा मूळपुरुष अमेरिकेतला, निक क्रीम नावाचा, ओहायोतल्या ॲक्रनचा. टायरांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव ते, तिथं त्यानं 1949 साली घरच्याघरी प्लॅस्टिक शिजवून पहिलं मऊ गांडूळ विकायला काढलं. घरच्याघरी! हे मी बायकोला मुद्दाम सांगितलं. तिनं विचारलं, त्याच्या बायकोचा मसाल्याचा डबा कुठं होता तेव्हा?

असो. पहिला प्रयोग उजनीला. भिगवणच्या अलीकडं बॅकवॉटरला एक ओळखीचा होता, त्याच्यामार्फत रीतसर विचारून, पहाटे चारला पुण्यातून निघून, सहाला पाण्यावर. आता रबर गळाला लावायचं म्हणजे नुसतं खुपसायचं नसतं. जिगहेड नावाचा प्रकार असतो, शिशाचं छोटं डोकं आणि त्यातनं निघालेला गळ. आधी रबराच्या बाजूला गळ धरून बघायचं टोक कुठं बाहेर येईल, मग बरोब्बर नाकाच्या मधोमध टोचायचं, मोजा चढवल्यासारखं आत सरकवत न्यायचं आणि ठरल्या जागी पाठीतनं बाहेर काढायचं. दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं की मासा पाण्यात पोहत नाही, भोवऱ्यासारखा गरगर फिरतो आणि सगळ्या दोऱ्याला पीळ पाडतो. माझा फिरला. पुन्हा काढला, पुन्हा घातला, आता भोक सैल झालं म्हणून रबर घसरायला लागलं, त्यावर उपाय म्हणजे शिशाला इन्स्टंट ग्लूचा एक थेंब लावायचा हे मला माहीत होतं. एक थेंब रबराला लागला, एक माझ्या अंगठ्याला आणि पुढची वीस मिनिटं तो पोपटी मासा आणि मी एकमेकांना सोडत नव्हतो. दिवसभरात कुणी मला इतकं घट्ट धरलं तो तेवढाच.

उजनीत काय आहे तर चिलापी. तिलापिया हो, पण तिकडं सगळे चिलापीच म्हणतात. तोंड एवढंसं, त्यामुळे गळ गिळत नाही, नुसती शेपूट ओढते. टुक. टुक टुक. रबराची शेपूट पाण्यात डावी-उजवी हलते तीच तर त्याची करामत, आणि ती शेपूटच ओढून नेली की हातात राहतो तो एक बिनशेपटीचा लसणीचा तुकडा. चार गेल्या अशा. उरलेले वेड्या बाभळीत. धरणाचं पाणी उतरलं की काठाला बाभळी माजतात आणि पाणी चढलं की त्या बुडतात, वरनं तुम्हाला दिसतं निवांत निळं पाणी आणि खाली काट्यांचं कुंपण. टेक्सास रिग करा म्हणजे अडकत नाही, असं सगळे सांगतात. त्यात गळाचं टोक रबराच्याच पोटात लपवतात आणि वजन पुढं दोऱ्यात मोकळं सोडतात. केलं मी तेही. गळ खरंच अडकला नाही, वजन अडकलं.

मरळ मात्र होती. काठाला शेवाळ होतं तिथं मधूनच बुळुक आवाज यायचा, मरळीला वर येऊन हवा घ्यावी लागते, तेव्हा ती कुठं आहे ते आपल्याला आयतं कळतं. रबराचा बेडूक लावला, शेवाळावरून टुणुक टुणुक ओढत आणला आणि अचानक बादली फेकल्यासारखं पाणी उडालं! इथं नियम असा आहे की मरळीनं बेडूक घेतला की लगेच हिसका मारायचा नाही, एक दोन तीन मोजायचं, तिला तोंड मिटू द्यायचं, मग ओढायचं. नियम मला पाठ होता. मी 'ए' म्हणायच्या आतच जो हिसका मारला, तो बेडूक मरळीच्या तोंडातनं सुटून थेट माझ्या चष्म्यावर येऊन बसला. तो ओळखीचा माणूस शेजारी उभा होता. काही बोलला नाही. टॉवेल दिला.

तर गोड्या पाण्यात हे असं. मग मी ठरवलं की आपला पिंडच खाऱ्या पाण्याचा असणार, कारण सासुरवाडी अलिबागजवळ, खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. तिकडं जिताड्याचं काय प्रस्थ आहे ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. जावई आला की जिताडा, साहेबाकडून काम करून घ्यायचं असलं की जिताडा. हा मासा खाडीतही राहतो आणि खारेपाटातल्या गोड्या तळ्यांतही लोक तो वाढवतात, दोन्ही पाणी त्याला चालतं. आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो, हे मी सासऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, घरात पण तसंच असतं, आधी आपण बोलतो, मग आपण गप्प बसतो. आतापर्यंत प्रत्येक खेपेला सासऱ्यांनी मला जिताडा खायला घातला होता. ह्यावेळी मी त्यांना घालणार होतो, रबरावर काढून.

मे महिन्यात गेलो. अंगणात सगळे जमले होते, मेव्हणा, त्याची पोरं, शेजारचे दोन म्हातारे. मी डिकीतनं डबा आणला आणि ऐटीत झाकण उघडायला गेलो तर उघडेना. जोर लावला तर झाकण आलं ते धागे घेऊनच, पिझ्झाच्या चीजसारखे. आत सात वाट्या नव्हत्याच. एक रंगीत गोळा होता. त्यातनं पाचसहा शेपट्या वर आलेल्या, दोन डोळे बघत होते.

नंतर कळलं ते असं की ही रबरं म्हणजे पीव्हीसी, त्याला मऊ ठेवायला त्यात तेलासारखं द्रव्य घालतात, ते द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि काही जातींचं कडक प्लॅस्टिक खातं. त्यात मी भरीला भर म्हणून दुसऱ्या जातीची, ती खूप ताणली जाणारी रबरं, ह्यांच्यातच ठेवली होती, आणि ह्या दोन जाती एकत्र आल्या की एकमेकांत विरघळतात. वर मे महिन्यातली डिकी. हे सगळं पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, किमतीच्या खालीच, म्हणजे मी नखानं खरवडलं तिथंच.

सुदैवानं एक पाकीट फोडलेलं नव्हतं. पांढरे, चार इंची, रुंद शेपटीचे.

आता वेळ. माझ्याकडे ॲप होतं, सासऱ्यांकडे तिथी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. उद्या चतुर्थी, चार, त्याचे तीन. "तीनला भरंल, नवाला सुकंल. पहाटं उघाडीवर जाऊ." ॲपनं पण तीनच दाखवले, फक्त त्याला नेट लागलं. उघाडी म्हणजे खारबांधाला असलेली दारं, ओहोटी लागली की आतलं पाणी तिथनं खाडीत पडतं, त्याबरोबर बारीक मासळी येते आणि तोंड उघडून जिताडा बसलेला असतो.

पण चतुर्थी म्हणजे संकष्टी. सासूबाई दारातच आडव्या आल्या. "संकष्टीला मासं माराया निघालात? जावईबापू, तुम्ही पण?" मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "अगं, ते रबरानं गरवणार. काय लागत नाय. उपास मोडत नाय." आणि सासूबाई खरंच बाजूला झाल्या.

खाडीला उजनीची वजनं चालत नाहीत, तिथं तीन-चार ग्रॅमचं शिसं बास होतं, इथं ओहोटीच्या ओढीत ते पाचोळ्यासारखं वाहून जातं. मी 14 ग्रॅमचं लावलं. पहिल्या फेकीत काहीतरी लागलं! ओढून काढलं तर निम्मा मासा, म्हणजे माझाच रबराचा, मागचा अर्धा भाग कात्रीनं कापल्यासारखा सफाईदार गेलेला. केंड, तो फुगणारा मासा. त्याचे दात म्हणजे पोपटाची चोच, खऱ्या जाळ्यांची तो चाळण करतो तिथं रबराचं काय. दुसरा निम्मा. तिसरा निम्मा. सासरे बांधावर उकिडवे बसून बिडी ओढत होते, त्यांच्या शेजारी डबड्यात जिवंत कोळंबी होती, पण संकष्टी म्हणून ते आज गरवत नव्हते, नुसते बघत होते, आणि ते जास्त वाईट होतं.

पाकिटात शेवटचा एक राहिला. उजाडलं होतं. दारातनं पडणाऱ्या पाण्याच्या कडेला जिथं फेस वळतो तिथं टाकला, तळाला लागू दिला, एकदा हलकेच उचलला, आणि 'टब्' असा आवाज झाला. खरंच तसाच, कुणीतरी पाण्याखाली दार आपटल्यासारखा. काठी वाकली, रीळ किंचाळायला लागली आणि तो वर आला. अख्खा. पाण्याच्या बाहेर, तोंड एवढं मोठं उघडून, लाल डोळा चमकला आणि त्यानं मान अशी झटकली जसे सासरे मला 'नाय नाय' म्हणताना झटकतात. मग दोरा ढिला. टोकाला बघितलं तर ब्लेडनं कापल्यासारखा. जिताड्याच्या गालफडाची कड धारदार असते, म्हणून रबराच्या पुढं हातभर जाड नायलॉन लावायचा असतो, आणि तो मी आणलाही होता. मसाल्याच्या डब्यात. जिऱ्याच्या वाटीत.

सासऱ्यांनी बिडी विझवली. "दोन किलोचा व्हता," एवढंच म्हणाले. थोडं चालल्यावर परत, "अडीच."

दुपारी सासूबाईंनी साबुदाण्याची खिचडी वाढली आणि काही विचारलं नाही. रीळ गोड्या पाण्यानं धुवायची मी विसरलो, ती पुण्यात पोचेपर्यंत करकरायला लागली, तो वेगळा खर्च.

तो गोळा मात्र मी टाकायला निघालो तर सासऱ्यांनी घेतला. खाडीवरून संध्याकाळी वारा सुटतो आणि मागचं दार सारखं आपटतं, त्याला अडसर म्हणून तो त्यांनी खाली ठेवला, आणि तो बसला इतका चपखल की दार अजून आपटलेलं नाही. दिवाळीला गेलो तेव्हा बघितलं, वाऱ्यावर त्यातल्या दोनतीन शेपट्या डावी-उजवी हलतात, पाण्यात हलायच्या अगदी तश्शाच. सासूबाईंची मांजर रोज संध्याकाळी त्याच्यासमोर येऊन बसते, पाच मिनिटं टक लावून बघते, एकदा वास घेते आणि निघून जाते.